चौथं टोपण

जीपला नवे टायर घालायचे होते, एवढंच काम होतं. मिस्त्री म्हणाला होता दहाला ये, मी आठलाच जाऊन गॅरेजच्या दारात बसलो. माझं असंच असतं. दादा म्हणायचा, "तुला घडवताना ब्रेक बसवायचा राहिला, नुसती रेस दिलीय." तेव्हापासून गॅरेजात सगळे मला रेसच म्हणतात.

तुम्ही ऐकायला बसलात म्हणून सांगतो, आणि सरळ सांगतो. मी सातवीत शाळा सोडली, मला गोष्ट फिरवून सांगता येत नाही. मध्येच मी चूळ भरायला उठलो तर उठू द्या. या गोष्टीत घाण फार आहे.

जीप दादाची. माझ्याहून वयाने मोठी. दादा पंप दुरुस्त करायचा, आणि पंप नेमके रस्ता संपतो त्याच्या पुढे बिघडतात. म्हणून त्याने ही चारही चाकं ओढणारी जुनी गाडी भंगारातून उचलली आणि तीन वर्षं खपून उभी केली. वहिनी म्हणायची, "माझी सवत लोखंडाची आहे, भांडली तरी आवाज घण्ण येतो."

मला चिखलात गाडी चालवायला दादानेच शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने मला स्टेअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही. हातात काठी दिली आणि म्हणाला, "चालत जा. गाडीत बसून चिखल कळत नाही. पाय किती जातो ते आधी बघ." मग हवा. टायरमधली हवा तीसवरून अठरा पौंडांवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. मग हब. या जुन्या गाड्यांच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर एकेक चकती असते. खाली उतरून ती हाताने फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत, मग आत बसून कितीही दांडे ओढा. "आधी हब, मग चिखल," हे त्याने मला शंभरदा सांगितलं असेल.

त्याची एक सवय मात्र मला बघवत नसे. हवा सोडायची तर वॉल्व्हची टोपणं काढावी लागतात, आणि चिखलात पडलेलं टोपण पुन्हा सापडत नाही. म्हणून दादा ती तोंडात धरायचा. चारही. पितळी टोपणं, त्यांच्यावर डांबर, वंगण, शेण, काय नाही ते. हा सरळ गालात सारायचा. श्वास घेतला की ती दातांवर वाजायची. कट्. कट्. काही विचारलं तर नुसतं "हं" करायचा. काम झालं की चारही तळहातावर थुंकायचा, लाळेच्या तारेसकट, आणि हात माझ्यापुढे करायचा, "लाव."

मी ती फडक्यात धरून लावायचो. वहिनी तर त्याला आधी चूळ भरायला लावायची, मगच घरात घ्यायची. म्हणायची, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही."

आता त्या दिवसाचं सांगतो.

तलावाचं पाणी उतरलं होतं आणि काठाला काळा गाळ उघडा पडला होता. पलीकडे पंप बिघडला होता. दादा म्हणाला, थांब, मी चालून बघतो. मी थांबलो नाही. मला वाटलं, दोन महिने शिकतोय, दाखवूच याला. हब न लावताच गाडी घातली आणि दहा पावलांवर ती पोटावर बसली.

दादा चिडला नाही. नुसता हसला. "हात दाखवून अवलक्षण," म्हणाला आणि खाली उतरला. गुडघाभर गाळ. तळाला सडलेले मासे, शेवाळ, काय काय. दर पावलाला बुडबुडा फुटायचा आणि कुजक्या अंड्याचा वास यायचा. त्याने चारही टायरची हवा उतरवली, टोपणं तोंडात टाकली. उजवा हब लावला. वाकून पुढून डावीकडे गेला, डावा लावला. मी आत घामाने निथळत होतो. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मला राग येतो. तो चाकाजवळून उठला, बंपरच्या समोर उभा राहिला आणि त्याने हात वर केला. तळवा माझ्याकडे, बोटं जुळलेली. थांब.

मी तो हात पाहिला. नीट पाहिला. तोंड भरलेलं होतं म्हणून त्याला ओरडता आलं नाही, पण हात तर स्पष्ट होता.

आणि मी रेस दिली.

दोन्ही हब लागलेले होते. गाडी उडी मारून निघाली.

पुढचं मी सांगत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या तोंडातला गाळ काढला, त्यात तीन टोपणं निघाली. चौथं मिळालं नाही. आणि मी सगळ्यांना सांगितलं, वहिनीलासुद्धा, की दादानेच "ये" म्हणून खूण केली होती. लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. वहिनीने मला जेवायला वाढलं. ते अन्न मी गिळलं, हे आठवलं की मला माझीच किळस येते.

ती तीन टोपणं वहिनीने न धुता एका छोट्या डबीत ठेवली. डबी ओट्यावरच्या फळीवर असायची.

दादाला जाऊन दोन महिने झाले आणि मी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री म्हणाला, "विकून टाक, रेस. ज्या गाडीने माणूस खाल्ला ती दारात ठेवू नये."

"गाडीने नाही खाल्लं," मी म्हणालो. "गाडीला विंच नव्हता. विंच असता तर तार झाडाला बांधून ओढली असती. दादाला खाली उतरावंच लागलं नसतं. टायर गुळगुळीत होते. हवेचा पाइप खाली होता. सगळं बदला."

बघा, माणूस स्वतःला कसा समजावतो. मला वाटत होतं, गाडी सुधारली की ती दुपारही थोडी सुधारेल.

मिस्त्रीने काम घेतलं. टायर खाचांचे, जाड. पुढे विंच, म्हणजे तार गुंडाळून गाडी ओढणारी चरखी. इंजिन ज्या नळीतून हवा घेतं ती बॉनेटमधून काढून काचेच्या कडेने छपरापर्यंत वर नेली. त्याला स्नॉर्कल म्हणतात. "आता हिचं नाक वर गेलं," मिस्त्री म्हणाला. "छातीभर पाण्यातही श्वास घेईल." त्याने इंजिन चालू केलं, आणि आम्ही दोघांनी नळीला कान लावला. नळीतून हवा आत जात होती, पण सरळ जात नव्हती. अडखळत होती. मध्ये काहीतरी हलत होतं, आणि दर श्वासाला बारीक आवाज येत होता. कट्... कट्...

"जाळी ढिली असेल," मिस्त्री म्हणाला. त्याने नळी उतरवली, उलटी करून झटकली. आत काही नव्हतं. फक्त तोंडाशी बोट फिरवल्यावर ते बुळबुळीत झालं. त्याने बोट हुंगलं आणि लगेच पँटला पुसलं.

मागच्या दोन चाकांच्या मध्ये दांड्यावर जो लोखंडी गोळा असतो, त्याचं तेल बदलायला त्याने नट खोलला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तेल आलं नाही. काळा गाळ आला. हळूहळू, आतड्यासारखा लोंबत परातीत उतरला. ओला. त्यात लाल बारीक किडे वळवळत होते. वास असा की शेजारचा वेल्डर काम टाकून बाहेर पळाला.

"दोन महिने गाडी उभी होती ना?" मिस्त्री नाकाला फडकं लावून म्हणाला.

"उन्हात."

"मग हा वाळला कसा नाही? आणि बंद गोळ्यात जिवंत किडा जगतो कशावर?" त्याने माझ्याकडे बघितलं. "तू त्या दिवशी नक्की काय केलंस रे?"

मी उठून गटारीपाशी ओकलो. त्याला उत्तर मिळालं असावं.

मी गाडी घरी आणली. आमच्या अंगणात फरशी आहे, तिथं लावली. तीस पौंड हवा मी स्वतः भरली होती. सकाळी टायर चपटे. मीटर लावलं, अठरा. चारही टायर अठरा, ना कमी ना जास्त. पंक्चर असं मोजून होत नाही. नवी काळी प्लॅस्टिकची टोपणं बंपरवर ओळीने मांडलेली होती. ओली. एक उचललं तर त्याच्यासोबत लाळेची तार निघाली, लांब, आणि माझ्या मनगटावर चिकटली.

मी हात तीनदा साबणाने धुतला. पुन्हा हवा भरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा अठरा. तिसऱ्याही. चौथ्या सकाळी मी टोपणं पुसत बसलो होतो तेव्हा वहिनी मागे येऊन उभी राहिली. तिने ती ओली ओळ पाहिली. ओरडली नाही. तिने वाकून एक टोपण उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"खोड गेली नाही वाटतं," ती एवढंच म्हणाली. मग टोपण परत ओळीत ठेवून, "भाऊजी, मला ती जागा दाखवा."

"नको वहिनी. तिथं बघण्यासारखं काही नाही. घाण आहे नुसती."

"मी भांडी घासते, मोऱ्या साफ करते. मला घाणीचं काय सांगता? आज दाखवा."

जेवणं झाल्यावर निघालो. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता, वाराही नव्हता. स्नॉर्कल तिच्या बाजूला होतं, तिच्या कानाच्या उंचीवर. गाडी चढावर जोर लावायला लागली की तो आवाज वाढायचा. मी रेडिओ लावायला हात पुढे केला तर तिने माझा हात बाजूला केला.

"राहू द्या. ऐकतेय मी."

तलावाशी आलो. गाळ तसाच होता, फक्त वर साय धरली होती. मधोमध एक लांबट खळगा होता, दोन महिन्यांत तो बुजला नव्हता. तिने न विचारता ओळखलं. मी मनात ठरवलं होतं की या वेळी सगळं दादाने शिकवलं तसं करायचं, गाळ पार करायचा, आणि मग... मग काय, ते ठरलं नव्हतं. काठाच्या उतारावर गाडी थांबवली. हँडब्रेकची तुटलेली तार मिस्त्रीने अजून बदललेली नव्हती.

"वहिनी, इकडे सरक. हा मधला ब्रेक, यावर पाय दाबून बस. इंजिन चालू ठेवतो, बंद पडलं तर इथं पुन्हा चालू व्हायचं नाही. मी हवा उतरवतो आणि हब लावतो. पाय उचलू नकोस, उतार आहे."

"नाही उचलत."

मी खाली उतरलो. पुढची चाकं गाळाच्या कडेला होती. पाय पोटरीपर्यंत गेला, चपलेत काहीतरी मऊ शिरलं आणि बोटांमध्ये फुटलं. मागच्या टायरचं टोपण काढलं, हवा सोडली. दुसरं काढलं. तिसरं. चौथं. हवा अठरावर आली. मग उजव्या चाकाचा हब लावला, पुढून वळसा घालून डाव्याशी गेलो, तिथली चकती घट्ट होती, दोन्ही हातांनी फिरवावी लागली. ती बसल्यावर मी सरळ उभा राहिलो. बंपरच्या समोर.

तेव्हा मला कळलं की माझं तोंड भरलेलं आहे.

मी ती खिशात टाकली होती, अशी माझी खात्री होती. मला दुसऱ्याचा चमचा चालत नाही, आणि माझ्या जिभेवर रबर, वंगण आणि तलावाचा तळ होता. श्वास घेतला तर दातांवर वाजलं.

काचेमागून वहिनी बघत होती. तिने खिडकीतून डोकं काढलं.

"भाऊजी, ते इथंच उभे होते?"

मी मान हलवली.

"त्यांनी खूण केली म्हणालात. कशी? करून दाखवा ना."

तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. मला "ये" ची खूण करायची होती. देवाशपथ, तीच करायची होती. बोटं आत वळवायची, दोनदा, बस. हात वर गेला. आणि तळवा समोर उघडला. बोटं जुळली. मी ती वळवायचा प्रयत्न केला, वळेनात. मनगटाला कुणी धरलं नव्हतं, तरी मनगट गार पडलं होतं.

ही खूण वहिनीने रोज पाहिली होती. ताटात जास्त वाढायला गेली की दादा असाच हात करायचा. दार लावायला गेली आणि तो मागून येत असला की असाच. तिचा चेहरा हळूहळू बदलला. रडवेला नाही झाला. आपण जेवता जेवता ताटात काही वळवळताना पाहिलं, तर जसा होईल, तसा झाला.

"ही तर... थांब," ती म्हणाली.

मला थुंकून टाकायचं होतं, पाया पडायचं होतं, ओरडायचं होतं. तोंड उघडेना. नुसतं "हं" निघालं.

"थांब म्हणाले होते ते. आणि तुम्ही बघितलंत."

"हं..."

तिने डोकं आत घेतलं. काचेत आभाळ उमटलं होतं, मला तिचे डोळे दिसेनात. मग गाडी हलली. हळू, आवाज न करता, उतारावरून माझ्याकडे. पाय काढायला गेलो तर गाळाने घोटे धरून ठेवले होते. बंपर माझ्या गुडघ्यांना लागला, गुडघे मागे वाकायला लागले, आणि स्नॉर्कलमधून एक लांब श्वास आत गेला. गाडी थांबली.

किती वेळ ते माहीत नाही. माझा हात आपोआप खाली आला, जबडा सुटला आणि मी ओकलो. सगळं तळहातावर धरलं, सवय नसताना. काळी टोपणं चार. मी मोजली, कारण दुसरं काही सुचेना. एक, दोन, तीन, चार.

आणि पाचवं. पितळी.

वहिनी खाली उतरली होती. साडी गाळात लोळत होती, तिला त्याची शुद्ध नव्हती. तिने माझ्या ओकारीतून, लाळेतून ते पितळी टोपण दोन बोटांनी उचललं आणि पदराला न पुसता मुठीत धरलं.

"वहिनी, तू ब्रेक दाबलास म्हणून वाचलो," मी म्हणालो. "मी... मी सांगणार होतो..."

"मी ब्रेक दाबला नाही." ती माझ्याकडे बघत होती. "मी पाय उचलला होता. दोन्ही पाय सीटवर घेतले होते. ऐकलंस?"

लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मला कधी "तू" म्हटलं नव्हतं.

गाडी मागे घेऊन घरी आलो. चौथं टोपण तिने डबीत टाकलं आणि डबी लावली. मला वाटलं, आता झालं. चार पुरी झाली. त्याला त्याचं मिळालं, तिला तिचं. मिस्त्रीला निरोप धाडला, गाडीला गिऱ्हाईक बघा. वहिनीला कळल्यावर ती म्हणाली, "विकायची नाही. मला चालवायला शिकव. चिखलात." मी नाही म्हणायच्या लायकीचा राहिलो नव्हतो.

आता आज सकाळचं. मी उठून बाहेर आलो तर ती आधीच स्टेअरिंगला बसलेली. इंजिन चालू होतं. टायर चपटे, मीटर लावायची गरजच नव्हती. टोपणं बंपरवर नव्हती, कुठंच नव्हती. मी आत जाऊन फळी बघितली. डबी उघडी. रिकामी. तळाशी ओला गाळ आणि त्यात एक लाल किडा.

"वहिनी," मी खिडकीपाशी येऊन विचारलं, "डबीतली टोपणं कुठंयत?"

"हं," ती म्हणाली.

तिचा एक गाल फुगलेला होता. ओठांच्या कडेने काळी लाळ हनुवटीपर्यंत आली होती. जी बाई दादाला चूळ भरल्याशिवाय घरात घेत नव्हती, तीच ही. ती नाकाने श्वास घेत होती, शांत, मजेत. कट्... कट्... आणि स्नॉर्कलमधून आता काहीच आवाज येत नव्हता.

तिने हात वर केला. मला वाटलं, थांब म्हणेल. मी वाट बघत राहिलो. पण तिने एक बोट पुढे केलं आणि पुढच्या डाव्या चाकाकडे दाखवलं. जा. हब लाव.

दादाचं एकदा ऐकलं नव्हतं. म्हणून गेलो. गाडीच्या पुढून वळसा घालून, बंपरच्या समोरून, डाव्या चाकापाशी.

तुम्ही आमचं अंगण पाहिलंय. फरशी आहे, कालच धुतली होती.

माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला.